आधी उजवा कोपरा बघा : ब्रिटनच्या समुद्रकाठच्या जुन्या ड्रॉइंगबाबत या चुका टाळा

मी पहिलं ड्रॉइंग विकत घेतलं तेव्हा चित्र बघितलं, कोपरा बघितलाच नाही. समुद्राकडे तोंड केलेलं एक कॅफे, दोन्ही कडांनी वर उचललेलं फुलपाखरी छप्पर, छत्रीखाली चहा घेणारी माणसं, फरसबंदीवर एक लांबट गाडी. विकणाऱ्याने चिठ्ठी लावली होती, ‘१९५० च्या दशकातली ब्लू प्रिंट’. घरी टेबलावर पसरून चष्मा लावला, तर ती ब्लू प्रिंट नव्हती, १९५० च्या दशकातली नव्हती आणि ते कॅफे कधी बांधलंच गेलं नव्हतं. पहिली गोष्ट कागदाच्या रंगावरून कळायला हवी होती. उरलेल्या दोन खालच्या उजव्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या होत्या : तारीख मार्च १९६७ आणि शीर्षकापुढे ‘पर्याय दोन’. त्या जागी आज उभा आहे तो पर्याय एक.

मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सहा वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून टी-स्क्वेअर घासलेला माणूस. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नाव-तारखेची चौकट, भरणं हे रोजचं काम. त्यामुळे फसल्याचं दुःख कमी, लाज जास्त. आता बरीच वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतोय आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समुद्रकाठच्या इमारतींची ड्रॉइंग जमवतोय : पिअरची प्रवेशद्वारं, कॅफे, नाट्यगृहं, पोहण्याचे तलाव, हॉटेलं, बीच हटच्या रांगा. (पिअर म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का, पण बोटीत चढण्यापेक्षा हवा खायला जाण्यासाठी.) पुण्या-मुंबईहून आणि इकडच्या मराठी मित्रांकडून फोटो येतात, ‘हे ऑनलाइन दिसतंय, घेऊ का?’ त्यातल्या बहुतेक चुका माझ्याच जुन्या चुका आहेत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

गोलाई दिसली की ‘युद्धानंतरचं’ म्हणणं

ज्याने मरीन ड्राइव्ह बघितलाय त्याला खरं तर ही चूक व्हायला नको. पांढरी भिंत, गोल गॅलरी, जहाजाच्या डेकसारखे कठडे ही सगळी १९३० च्या दशकाची भाषा. बेक्सहिलचं डे ला वॉर पॅव्हिलियन, एरिक मेंडेलसोन आणि सर्ज चेर्मायेफ यांचं, १९३५ चं. मोरकॅमचं मिडलँड हॉटेल, ऑलिव्हर हिलचं, १९३३ चं. ब्रायटनजवळच्या सॉल्टडीनचा लिडो (उघड्यावरचा पोहण्याचा तलाव) १९३८ चा. हे सगळं युद्धाच्या आधीचं. विकणारे मात्र सरसकट ‘मिडसेंच्युरी’, म्हणजे शतकाच्या मध्याचं, असं लिहितात आणि आपण मान डोलावतो.

युद्धानंतर लगेच काही बांधणं सोपं नव्हतं. पोलाद नव्हतं, लाकूड नव्हतं आणि बांधकामाला सरकारी परवाना लागायचा. ही परवाना पद्धत १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये उठली. घरं, शाळा आणि कारखान्यांच्या रांगेत समुद्रकाठच्या आइस्क्रीमच्या कॅफेचा नंबर कितवा असेल, याचा अंदाज करा. म्हणून १९४६ ते १९५३ मधलं करमणुकीच्या इमारतीचं ड्रॉइंग हाती आलं तर माझा पहिला संशय हाच असतो की हे कागदावरच राहिलं असणार. किंवा ती नवी इमारत नसून दुरुस्ती असेल. १९४० मध्ये जर्मन फौजा उतरतील या भीतीने लष्कराने दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावरच्या कितीतरी पिअरना मध्येच खिंडारं पाडली होती. बोर्नमथ आणि बॉस्कोम त्यातलेच. युद्ध संपल्यावर तो तुटलेला भाग जोडण्याची ड्रॉइंग निघाली. शीर्षकात ‘पूर्ववत करणे’ अशा अर्थाचा शब्द असतो आणि तो न वाचता लोक अख्खा पिअर १९५० चा समजतात.

खराखुरा नवा पिअर हवा असेल तर केंटमधलं डील. तिथला जुना पिअर १९४० च्या जानेवारीत एका डच जहाजाने तोडला. सुरुंगाने जखमी झालेलं ते जहाज वाहत येऊन त्यावर आदळलं होतं. नवा पिअर १९५७ मध्ये उघडला, १,०२६ फूट लांब, काँक्रीटच्या आवरणातल्या पोलादी खांबांवर. तो आर्किटेक्टचा नाही, सर विल्यम हॅलक्रो यांच्या इंजिनिअरिंग कंपनीचा. म्हणून ‘आर्किटेक्टचं नाव नाही, म्हणजे फुसकं’ असंही समजू नका. पिअरचं अर्धं सौंदर्य इंजिनिअरांनी काढलेलं असतं.

युद्धानंतरची चाल ओळखायची तर बॉस्कोम पिअरचं प्रवेशद्वार बघा. १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेलं, बूमरँगसारखी बाकदार काँक्रीटची छत्री, तिचा कडा कागदासारखा पातळ. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या देशव्यापी प्रदर्शनाची हवा त्यात भरलेली आहे : सडपातळ खांब, तिरके छज्जे, रंगीत फरशा, ‘आता रेशनिंग संपलं, जरा हसा’ असा चेहरा. १९३० च्या इमारती जहाज व्हायला बघतात. १९५० च्या इमारती पतंग व्हायला बघतात. ही माझी स्वतःची खूण आहे, कुठल्या पुस्तकातली नाही, पण दहापैकी आठ वेळा चालते.

कोपरा न वाचणं

ही सगळ्यात महागाची चूक. ड्रॉइंग हे चित्र नसतं, ते पत्र असतं. कोणीतरी, कोणासाठीतरी, ठरावीक दिवशी, काहीतरी मागण्यासाठी पाठवलेलं. पत्ता आणि सही उजव्या कोपऱ्यात असते.

तारीख असेल तर ती कोणती तारीख आहे ते बघा. टायटल ब्लॉकच्या वर किंवा शेजारी एक छोटा तक्ता असतो : ए, बी, सी अशी अक्षरं, समोर बारीक नोंद आणि तारीख. या दुरुस्त्या. मूळ ट्रेसिंग (ज्यावरून प्रिंट काढतात ते पारदर्शक कागदावरचं ड्रॉइंग) १९५६ चं असेल, पण ‘सी’ दुरुस्ती १९६२ ची असेल तर तुमच्या हातातला कागद १९६२ चा आहे, आणि त्यात १९५६ ची इमारत तशीच्या तशी नाही. एका मित्राने ‘मूळ रचना’ म्हणून घेतलेल्या पोहण्याच्या तलावाच्या ड्रॉइंगवर ‘एफ’पर्यंत दुरुस्त्या होत्या. सहा वेळा कोणीतरी भांडलं होतं त्या तलावावरून.

तारीख कापली गेली असेल, आणि फ्रेमवाले कडा कापतातच, तर शिक्के बघा. इथे मला खरी मजा येते. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९४७ चा मंजुरीचा शिक्का असेल तर कागद १ जुलै १९४८ नंतरचा, कारण कायदा अमलात आला तेव्हा. मंजुरी ‘बिल्डिंग बायलॉज’खाली असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये तो बहुधा १९६६ च्या आधीचा, त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून गावोगावच्या बायलॉजच्या जागी देशाचे एकच बिल्डिंग रेग्युलेशन्स आले. लंडनच्या आतल्या भागाचा आणि स्कॉटलंडचा हिशेब वेगळा.

पत्ताही बोलतो. बोर्नमथ १ एप्रिल १९७४ पर्यंत हँपशरमध्ये होतं, त्या दिवशी डॉर्सेटमध्ये गेलं. क्लीथॉर्प्स लिंकनशरमधून नव्याने केलेल्या हंबरसाइडमध्ये गेलं आणि १९९६ मध्ये हंबरसाइडच उरलं नाही. इंग्लंडमधले ‘काउंटी बरो’ (स्वतंत्र कारभार असलेलं मोठं शहर) हे शब्दही १९७४ ला संपले. लंडनच्या ऑफिसचा फोन नंबर तीन अक्षरांनी सुरू होत असेल तर तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा, किंवा फार तर थोडा पुढचा, कारण जुने छापील कागद संपेपर्यंत लोक वापरतच राहतात. उलट ‘१९५५’ म्हणून विकायला आलेल्या कागदावर पूर्ण पोस्टकोड दिसला, तर हात आखडता घ्या. पोस्टकोड देशभर पोचायला १९७४ उजाडलं.

आणि माणसं बघा. चित्रातली माणसं म्हणतोय मी. माझ्या त्या कॅफेत एक उभी बाई दोनदा आली होती, एकदा छत्रीखाली बसलेल्या बाईशेजारी आणि एकदा पायऱ्या उतरणाऱ्या बाईशेजारी : तीच टोपी, तीच पर्स, तोच किंचित पुढे टाकलेला पाय. घासून चिकटवायची लेट्रासेटची आकृती. लेट्रासेटची ही कोरडी पद्धत १९६१ मध्ये बाजारात आली. जुळी बाई दिसली की १९५० चं दशक विसरा.

मोठ्या नावाला भुलणं

कोपऱ्यातलं ठळक नाव बहुतेक वेळा साहेबाचं असतं. समुद्रकाठच्या गावांत निम्म्याहून जास्त कामं नगरपालिकेच्याच ऑफिसातून निघत. सगळ्या कागदांवर ‘बरो इंजिनिअर अँड सर्व्हेयर’ यांचं नाव छापलेलं; त्यांनी पेन्सिल हातात धरली असेलच असं नाही. खरी माणसं खालच्या तीन छोट्या चौकटींत असतात : ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड. प्रत्येकात दोन-तीन आद्याक्षरं. ट्रेसिंग करणाऱ्या बऱ्याचदा तरुण मुली असत, आणि मोठ्या ऑफिसांत तर ट्रेसरांची वेगळी खोलीच असे. रेघ इतकी स्वच्छ कोणाची, याचं उत्तर त्या दोन अक्षरांत अडकलेलं असतं आणि बहुधा कधीच सुटत नाही.

रंगीत पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे इमारत डोळ्यांना दिसेल तशी काढलेल्या चित्राचं, उलटं. त्यावरची सही आर्किटेक्टची नसून चित्रकाराची असते. ऑफिसं हे काम बाहेर देत. सिरिल फेरी, रेमंड मायर्सको-वॉकर ही त्या धंद्यातली मोठी नावं. फेरी १९५४ मध्ये वारले, म्हणजे १९५८ च्या हॉटेलवर त्यांची सही दाखवणाऱ्याला चहा पाजा आणि निघा.

प्रत्येक निळा कागद ब्लू प्रिंट नसतो

आपल्याकडे ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द नेत्यांच्या भाषणापर्यंत पोचलाय, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. ब्लू प्रिंट म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. युद्धानंतरच्या ब्रिटिश ऑफिसांत मात्र मुख्यतः जे चालायचं त्याला ते डायलाइन म्हणतात आणि आम्ही दादरला अमोनिया प्रिंट म्हणायचो : फिकट कागदावर निळ्या, जांभळ्या किंवा तपकिरी रेघा. प्रिंट काढायला गेलं की दुकानाच्या दारातच डोळ्यांतून पाणी. प्रिंटवाला मात्र त्या वाफेत शांतपणे वडापाव खात बसलेला असायचा.

म्हणून १९६० च्या कॅफेचं लख्ख निळ्यावर पांढरं ड्रॉइंग दिसलं तर आधी संशय घ्या. संगणकावर रंग उलटे करून छापलेली पोस्टर ‘व्हिंटेज’ म्हणून भरपूर विकली जातात. भिंग लावा. रंगीत ठिपके दिसले तर ते आजचं पोस्टर. पोस्टर म्हणून घ्यायला हरकत नाही, पोस्टरच्या भावात घ्या.

मूळ आणि प्रिंट यांतला फरक ओळखायची माझी आवडती जागा म्हणजे गोलाईचं केंद्र. समुद्राकडे वळलेली गच्ची असेल तर ती कंपासने काढलेली असणार, आणि कंपासची सुई कुठेतरी टेकलीच असणार. त्या अर्धवर्तुळाचं केंद्र नजरेने शोधा, कागद तिरका धरून उजेडाकडे करा. मूळ ड्रॉइंगवर तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा निदान खळगा सापडतो. पुष्कळ वर्तुळं एकाच केंद्रावर असतील तर भोक चांगलं रुंदावलेलं असतं. आम्ही त्यावर टेपचा तुकडा लावायचो. प्रिंटवर भोक नसतं, फार तर भोकाची सावली छापली जाते. दुसरी खूण खरवडल्याची. ट्रेसिंग क्लॉथवर शाई चुकली की अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची आणि नखाने जागा गुळगुळीत करायची. बोट फिरवलं की तिथला पोत बदललेला लागतो. अशा जागी कोणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी मनातल्या मनात शिवी हासडलेली असते.

१:१०० ची पट्टी लावणं

ब्रिटनचं बांधकाम मेट्रिकवर गेलं ते मुख्यतः १९६९ ते १९७२ च्या दरम्यान. त्याआधीची ड्रॉइंग फूट-इंचांत : एका फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे १:९६. ते १:१०० च्या इतकं जवळ आहे की आजचा विद्यार्थी बिनधास्त मेट्रिक पट्टी लावतो. साठ फुटांचा हॉल कागदावर साडेसात इंच येतो, म्हणजे १९०.५ मिलिमीटर. मेट्रिक पट्टी त्याला १९.०५ मीटर सांगेल. खरा हॉल १८.२९ मीटरचा. अडीच फुटांची चूक, आणि पट्टी हातात असल्यामुळे स्वतःवर पूर्ण विश्वास.

त्यात अमोनिया प्रिंट रोलरमधून जाताना ताणली जाते, कागद दमट हवेत फुगतो, आणि ऑनलाइन मिळालेल्या स्कॅनचा मूळ आकार तर देवालाच माहीत. ‘या ड्रॉइंगवरून माप घेऊ नये’ ही ओळ उगाच लिहीत नसत. लिहिलेली मापं वाचा. मॉडेल करणाऱ्यांनी तर एक लिहिलेलं लांब माप शोधून त्यावरून बाकीचं प्रमाण काढावं.

कागदाचा आकारही सांगून जातो. डबल एलिफंट म्हणजे साधारण ४० बाय २७ इंच; नाव ऐकूनच मी त्या आकाराच्या प्रेमात पडलो होतो. ए-१ आकाराचा कागद असेल तर तो बहुधा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा, जर कडा कापलेल्या नसतील तर.

हिरवं म्हणजे गवत नव्हे

छोटीशी चूक, पण गोड. ठाण्याहून एकाने फोटो पाठवला : ‘दादा, १९५६ मध्ये टेरेस गार्डन! काय दूरदृष्टी!’ सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या ड्रॉइंगमध्ये, छपराचा जाड पट्टा हिरव्या जलरंगाने भरलेला. ते काँक्रीट होतं. मंजुरीच्या प्रती हाताने रंगवत आणि रंग ठरलेले असत : विटेला लाल, काँक्रीटला हिरवा. अख्खं छप्पर हिरवं, जमीनही हिरवी, आणि बिचारी खरी हिरवळ पेन्सिलच्या चार रेघांत उरकलेली.

भरतीची रेघ दुर्लक्षणं

समुद्रकाठच्या ड्रॉइंगचा जीव इथे असतो, आणि लोक फ्रेम करताना नेमका हाच भाग पासपार्टूखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दाबतात. सेक्शनच्या एका बाजूला खाली एक आडवी तुटक रेघ असते आणि तिच्यावर आद्याक्षरांची माळ : एच.डब्ल्यू.ओ.एस.टी. म्हणजे नेहमीच्या उधाणाच्या भरतीची उंची. आपल्या कोळीवाड्यात उधाणाची भरती म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तेच. शेजारी आकडे ‘ओ.डी.’वरून दिलेले. ओ.डी. म्हणजे ऑर्डनन्स डेटम, कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनला १९१५ ते १९२१ या काळात मोजलेली समुद्राची सरासरी पातळी. नौकानयनाच्या नकाशावरचा शून्य वेगळा, तो ओहोटीच्या तळाजवळचा. दोन शून्य एकत्र केले की कॅफेच्या स्वयंपाकघरात मासे.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र पूर्व किनाऱ्यावर चढला आणि इंग्लंडमध्ये तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्या किनाऱ्यावर बंधारे वाढले, पातळ्या बदलल्या. लिंकनशर, नॉरफोक, एसेक्सकडचं ड्रॉइंग असेल तर ते त्या रात्रीच्या आधीचं की नंतरचं हे सेक्शनवरच्या भिंतीच्या उंचीवरून ताडून बघता येतं. मी एखाद्या रंगीत पर्स्पेक्टिव्हपेक्षा असा एक रुक्ष सेक्शन आधी उचलेन.

प्लॅनचं, म्हणजे वरून बघितलेल्या आराखड्याचंही, तेच. मार्गेटचं आर्लिंग्टन हाउस, रसेल डिप्लॉक यांच्या ऑफिसचा १८ मजली टॉवर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. समोरून बघितलं तर काँक्रीटची उंच भिंत. प्लॅन बघितला की कळतं, भिंत लाटेसारखी दुमडत नेलीय ती प्रत्येक फ्लॅटला समुद्र दिसावा म्हणून. एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, ही लाट जवळजवळ सपाट होते. विक्रीला आलेल्या गठ्ठ्यातून लोक एलिव्हेशन उचलतात आणि प्लॅन स्वस्तात मागे राहतो. राहू द्या, माझी तक्रार नाही.

कागदावर आहे म्हणजे झालं असेल, असं धरणं

बॉस्कोम पिअरच्या टोकाला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्मेड थिएटर बांधलं. नाव थिएटर, इमारत थिएटर, पण नाटक कधी झालंच नाही. आधी रोलर स्केटिंग, मग जुगारी यंत्रांचं दालन. २००८ च्या आसपासच्या नूतनीकरणात ते पाडलं. नुसत्या ड्रॉइंगवरून कोणी तिथल्या नाटकांचा इतिहास लिहायला बसला तर काय करेल, याची मला कधीकधी चिंता वाटते.

दुसरं उदाहरण हसण्याचं नाही. आइल ऑफ मॅनवर डग्लस इथे १९७१ मध्ये समरलँड उघडलं : पाऊस असो की वारा, आत कायम उन्हाळा. पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते, लेप दिलेले पोलादी पत्रे, आतून फायबरबोर्ड. त्यासाठी बांधकामाचे स्थानिक नियम शिथिल केले होते. २ ऑगस्ट १९७३ ला आग लागली. बाहेरचा पत्रा आणि आतला बोर्ड यांच्या मधल्या पोकळीत ती कोणाच्या लक्षात न येता पसरली. ५० माणसं गेली. अशी भिंत सेक्शनवर दोन समांतर रेघा असते, मध्ये थोडी जागा. ती कशाची, आत काय, हे शेजारच्या बारीक टिपेत लिहिलेलं असतं. टिपा वाचा. चित्र छान आहे म्हणून टिपा सोडू नका.

आणि तुम्ही आर्किटेक्ट म्हणून अशा इमारतीच्या दुरुस्तीला हात घालत असाल तर दोन शब्दांवर थांबाच. पहिला ‘एच.ए.सी.’ किंवा ‘सिमाँ फोंद्यू’, म्हणजे हाय ॲल्युमिना सिमेंट. लवकर घट्ट होतं म्हणून प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतलेल्या) तुळयांत वापरत. उबदार दमट हवेत वर्षांनी ताकद गमावतं. लंडनमध्ये स्टेपनीच्या एका शाळेच्या तरणतलावाचं छप्पर १९७४ मध्ये कोसळलं ते यामुळेच. दुसरा शब्द ॲस्बेस्टॉस, कुठल्याही ब्रँडच्या नावाखाली. ड्रॉइंगवर नसला तरी प्रत्यक्षात असू शकतो. जागेवर तपासल्याशिवाय ड्रिल लावू नका.

घरी आणल्यावरचे उद्योग

लॅमिनेशन करू नका. हे वाक्य मोठ्या अक्षरात वाचा. मुंबईच्या पावसाला भिऊन माझ्या एका मावसभावाने सुंदर अमोनिया प्रिंट लॅमिनेट करून घेतली. उष्णतेने कागद तपकिरी झाला, रेघा आत फिकट होत गेल्या आणि आता ते प्लास्टिक काढता येत नाही. आता त्या चौपाटीवर कायमची संध्याकाळ आहे.

गुंडाळी उलगडत नाही म्हणून इस्त्री फिरवणारेही मी बघितलेत. इस्त्री नाही, पाण्याचा हात नाही. ट्रेसिंग क्लॉथला तर पाण्याचा थेंबही नको. ते खळ घातलेलं तलम सुती कापड असतं. आमचे हेड ड्राफ्ट्समन सांगायचे की जुन्या काळी रद्दी ट्रेसिंग क्लॉथ घरी नेऊन धुवायचे, खळ आणि शाई निघून जायची आणि मऊसूत रुमाल मिळायचे. एखादा थेंब पडला तर तुमच्या ड्रॉइंगमध्ये तेवढाच रुमाल तयार होतो. गुंडाळी कोरड्या, फार गरम नसलेल्या खोलीत सपाट जागी ठेवा, कडेला स्वच्छ कापडात गुंडाळलेली वजनं ठेवा, रोज थोडी थोडी सोडा. आठवडा लागला तर लागू दे. कागद कडकड वाजत असेल तर थांबा आणि कागदाच्या जाणकाराकडे न्या.

सेलोटेप पिवळी पडली असेल तर ओढू नका. खालची रेघ बरोबर येते. गंजलेल्या टाचण्या मात्र लगेच काढा. ड्रॉइंग पारदर्शक प्लास्टिक फिल्मवर असेल आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती जुनी ॲसिटेट फिल्म आहे, विघटन सुरू झालंय. स्कॅन करून घ्या आणि बाकीच्यांपासून दूर ठेवा. अमोनिया प्रिंटही वेगळ्या ठेवा, त्यांच्यातून निघणारी रसायनं शेजारच्या कागदाला डाग पाडतात. खऱ्या ब्लू प्रिंटला अल्कली चालत नाही, म्हणून ‘ॲसिड-फ्री’ म्हणून मिळणारे बफर केलेले (अल्कली मिसळलेले) कागद तिच्याजवळ नकोत, साधे बिनबफरचे मागा.

उन्हात काहीच लावू नका. समुद्रासमोरच्या भिंतीवर समुद्राचं ड्रॉइंग ही कल्पना सगळ्यांना सुचते. अमोनिया प्रिंट अशा भिंतीवर काही वर्षांत पुसली जाते. मूळ कागद कपाटात सपाट, भिंतीवर स्कॅनची प्रत. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात कपाट महिन्यातून एकदा उघडून बघा. कसर लागलीच तर ती खळीच्या वासाने कापडापासून सुरुवात करते.

कागद माझा, म्हणजे चित्र माझं?

नाही. ब्रिटनमध्ये लेखनहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, भारतात ६०. तुम्ही कागद विकत घेतला, हक्क नाही. नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगचा हक्क सहसा मालकाकडे, म्हणजे ऑफिसकडे किंवा नगरपालिकेकडे. भिंतीवर लावा, मित्रांना दाखवा. चहाचे मग आणि पिशव्या छापून विकायच्या असतील तर परवानगी मागा. मी एकदा एका नगरपालिकेला ईमेल केला, दोन महिन्यांनी होकार आला, वर ‘आमच्याकडे ही शीट नाही, स्कॅन पाठवाल का?’ अशी विनंती.

तेव्हापासून शीट क्रमांक टिपून ठेवायची सवय लागली. कोपऱ्यात ‘७’ लिहिलं असेल तर निदान सहा शीट आणखी होत्या, आणि त्या बऱ्याचदा जिल्ह्याच्या अभिलेखागारात सापडतात : पूर्व ससेक्ससाठी फाल्मरचं द कीप, बोर्नमथकडच्यांसाठी डॉर्चेस्टरचं डॉर्सेट हिस्ट्री सेंटर. जाताना गावाचं नाव, काम आणि जॉब नंबर घेऊन जा. ‘एक कॅफे होतं, छप्पर असं असं’ म्हणून हात हलवून दाखवलं तर तिथली मंडळी सभ्यपणे हसतात. मी तसे हात हलवले आहेत. माझ्या पर्याय दोनच्या शीटवर क्रमांक चार आहे. एक आणि दोन मिळाल्या, तीन अजून नाही.